कापडाचे नाव आणि गावाचे नाव

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातील एक गाव. या भागातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो. तो वेचणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा आज जाड निळी विजार घालून शाळेत जातो. त्या विजारीचे कापड कापसाच्याच सुताचे असते. परंतु त्याचे नाव मात्र परके आहे. त्याला ‘डेनिम’ म्हणतात.

हा शब्द मूळचा फ्रेंच. दक्षिण फ्रान्समध्ये नीम नावाचे एक प्राचीन शहर आहे. तेथील ‘सर्ज’ जातीचे तिरप्या विणीचे कापड ‘सर्ज द नीम’, म्हणजे ‘नीमचे सर्ज’, या नावाने ओळखले जाई. पुढे ‘सर्ज’ गळून पडले आणि ‘द नीम’चे ‘डेनिम’ झाले, असे बहुतेक कोशकार मानतात. पैठणची ती पैठणी, तसे नीमचे ते डेनिम! शब्द टिकला, पण त्याचा अर्थ पालटला. जुने सर्ज बहुधा लोकरीचे असे. आजचे डेनिम सुती असते. त्याचे उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात. म्हणून ते बाहेरून निळे व आतून फिकट दिसते.

असा शब्द परका म्हणून भाषेतून हाकलून द्यावा, असे काहींना वाटते. परंतु शब्दांचा प्रवास एकाच दिशेने होत नाही. मुंबईच्या डोंगरी भागात पूर्वी जाडेभरडे सुती कापड विकले जाई. सतराव्या शतकात त्याचे नाव इंग्रजीत गेले आणि पुढे खलाशांच्या व कामगारांच्या पोशाखाला ‘डंगरी’ हे नाव मिळाले. इंग्रजांनी ते नाव निःसंकोचपणे वापरले. मग ‘डेनिम’ म्हणण्यात मराठी माणसाला कमीपणा कसला?

विचार करावा असा प्रश्न निराळाच आहे. नीम, डोंगरी आणि पैठण ही नावे कापडाला कशामुळे मिळाली? केवळ कापूस पिकवल्यामुळे नव्हे, तर विणकरांच्या कौशल्यामुळे आणि बाजारातील लौकिकामुळे. आज पैठण्या मोठ्या प्रमाणावर येवल्यात विणल्या जातात. तरीही नाव पैठणचेच राहिले आहे, इतका जुन्या कारागिरीचा ठसा खोल असतो. उलट, जे गाव केवळ कच्चा माल देते, त्याचे नाव गाठोड्याबरोबर बाजारात हरवते आणि नफ्याचा मोठा वाटाही दुसरीकडेच जातो.

म्हणून परक्या शब्दाचा राग धरणे व्यर्थ होय. कापूस जेथे पिकतो, तेथेच तो कातला, रंगवला आणि विणला जावा, यासाठी झटणे अधिक हिताचे. तसे घडले, तर साखऱ्यासारख्या गावाचे नावही उद्या एखाद्या वस्त्राला लाभेल आणि दूरदेशीची मुले त्या शब्दाचे मूळ शोधू लागतील.