मैत्री कीं तटबंदी ?

इतिहासाच्या परीक्षेंत ‘पहिलें महायुद्ध कां झालें ?’ हा प्रश्न आम्ही अनेक वर्षें घालीत आलों आहों. बहुतेक मुलें एकच उत्तर लिहितात : सेराजेव्हो येथें एका राजपुत्राचा खून झाला म्हणून. उत्तर चुकीचें नाहीं व आम्ही त्यास गुणहि देतों. परंतु देतांना मन खातें. एका ठिणगीनें गांव जळत नाहीं. घरास घर लागून असलें व छपरें वाळलेलीं असलीं म्हणजेच तें जळतें. त्या छपरांविषयीं येथें चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

१८८२ सालीं जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांनीं त्रिराष्ट्र-करार केला. पुढें फ्रान्स व रशिया हे १८९४ पर्यंत एकत्र आले. इंग्लंडानें १९०४ मध्यें फ्रान्सशीं व १९०७ मध्यें रशियाशीं सलोखा केला. प्रत्येकाचें म्हणणें हेंच कीं, आम्ही हें केवळ संरक्षणार्थ करीत आहों. आणि तें बव्हंशीं खरेंहि होतें. परंतु आपण घातलेलें कुंपण शेजाऱ्यास गडाच्या तटासारखें दिसतें, आणि मग तोहि बुरूज बांधूं लागतो.

२८ जून १९१४ रोजीं आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड व त्याची पत्नी सोफी यांस एका १९ वर्षांच्या तरुणानें गोळ्या घातल्या. ५ जुलै रोजीं जर्मनीनें ऑस्ट्रियास आश्वासन दिलें कीं, कांहींहि झालें तरी आम्ही तुमच्या पाठीशीं आहों. कोऱ्या कागदावर सही करून देणें म्हणतात तें हेंच. या भरंवशावर ऑस्ट्रियानें २३ जुलै रोजीं सर्बियापुढें कडक अटी ठेविल्या व ४८ तासांची मुदत दिली. सर्बियानें त्यांतील बहुतेक मान्य केल्या. तें उत्तर वाचून खुद्द कैसर विल्यम यास वाटलें कीं, आतां युद्धास कारण उरलें नाहीं. पण सही पूर्वींच होऊन गेली होती ! २८ जुलै रोजीं ऑस्ट्रियानें युद्ध पुकारिलें. रशिया सर्बियाच्या साह्यार्थ फौज जमवूं लागला. तेव्हां जर्मनीनें १ ऑगस्टला रशियाशीं व ३ ऑगस्टला फ्रान्सशीं युद्ध जाहीर केलें. आणि ४ ऑगस्टला जर्मन सेना बेल्जममध्यें शिरतांच इंग्लंड रणांत उतरलें. खुनापासून अवघ्या ३७ दिवसांत हें सारें घडलें.

नाताळापर्यंत घरीं परतूं अशी पुष्कळांची समजूत होती. परंतु सप्टेंबर १९१४ मध्यें मार्न नदीवर जर्मनांची चाल थांबली, आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून समुद्रापर्यंत खंदक खणले गेले. १९१६ मध्यें व्हर्दून येथें सुमारें दहा महिने झुंज चालली. सोम नदीवर १ जुलै या एकाच दिवशीं इंग्रजांचे सुमारें १९ हजार सैनिक मेले. आणि ज्या करारांच्या नांवानें हें चाललें होतें त्यांची गत काय झाली ? इटलीनें १९१५ मध्यें गुप्त तह करून उलट पक्ष धरिला. रशिया क्रांतीनंतर मार्च १९१८ मध्यें निराळा तह करून बाहेर पडला. १९१७ मध्यें अमेरिका युद्धांत आली, पारडें फिरलें, व ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं तोफा थंडावल्या.

या भांडणांत आपल्या देशास कोणीं विचारिलें नव्हतें. तरी येथून १० लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं व ७४ हजारांवर परत आलीं नाहींत. पुणें डिव्हिजन या नांवाची सहावी डिव्हिजन मेसापोटेमियांत कूत येथें सुमारें पांच महिने वेढ्यांत अडकली. तींत मराठा पलटणींचे जवानहि होते. अन्न संपत आलें, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं ती शरण गेली. पुढें कैदेंत हजारों माणसें दगावलीं. सातारा-रत्नागिरीकडील ज्या घरांतून हे जवान गेले, त्या घरांस सेराजेव्हो कोठें आहे हें ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें.

ख्रिस्ती या नात्यानें आम्हांस आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. युरोपांत लढणारीं बहुतेक राष्ट्रें स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत. दोन्ही बाजूंच्या उपासनामंदिरांत विजयासाठीं प्रार्थना झाल्या, आणि जर्मन शिपायांच्या कमरपट्ट्यावर ‘देव आमच्याबरोबर’ अशा अर्थाचीं अक्षरें होतीं. देवासहि आपल्या तटांत ओढणें हा तटबंदीचा सर्वांत वाईट प्रकार होय.

यावर कोणी म्हणेल कीं, मग कोणाशीं मैत्रीच करूं नये. आम्हांस तें मान्य नाहीं. बेल्जमच्या तटस्थतेची हमी मोठ्या राष्ट्रांनीं १८३९ च्या तहानें दिली होती. हमी देणाऱ्यांत प्रशियाहि होता. दुर्बळास दिलेलें तें वचन उघड होतें, त्यास मर्यादा होती, आणि तें पाळणें योग्यच होतें. दोष मैत्रीचा नव्हे; मित्र चुकला तरी त्याचीच बाजू घेऊं, असें आधींच कबूल करून बसण्याचा होय. खऱ्या मित्रानें त्या जुलै महिन्यांत ऑस्ट्रियाचा हात धरावयास हवा होता; फ्रान्सनेंहि रशियास सबुरीचा शब्द ऐकवावयास हवा होता.

पालकहो, हा व्यवहार केवळ राष्ट्रांचाच आहे काय ? आपल्या भाऊबंदकींत तो चालतो, आणि शाळेच्या मैदानावरहि चालतो. दोन मुलांची कुरबुर होते व घटकेंत दोन वर्ग समोरासमोर उभे राहतात. आम्हीं कारण विचारावें, तों ‘सर, तो आमच्यांतला आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. सेराजेव्होच्या खुनास बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, २८ जून १९१९ रोजीं, व्हर्साय येथें तहावर सह्या झाल्या. तरी १ सप्टेंबर १९३९ रोजीं दुसरें महायुद्ध सुरू झालेंच. तह कागदावर होतो; संवय मात्र मैदानावर लागते.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, पुढल्या वेळीं हा प्रश्न आला तर राजपुत्राचा खून अवश्य लिहा. पण त्याखालीं ते ३७ दिवसहि लिहा, आणि त्या दिवसांत आपल्या मित्रास ‘थांब’ म्हणण्याची संधि कोणाकोणास होती तें सांगा. त्या उत्तरास आम्ही पूर्ण गुण देऊं, आणि देतांना आमचें मन खाणार नाहीं.