छडी उचलण्याआधीचा क्षण

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं. लोक संचलन बघतात, आमची नजर मात्र कंडक्टरच्या हातावर खिळते. थंडीत पितळी वाद्यांचा सूर उतरतो. म्हणून वादक ट्रम्पेटच्या नळीत हळूच श्वास सोडून ती उबदार ठेवतात. मग छडी वर जाते आणि सगळे एकदमच श्वास घेतात. लष्करी वादकांचं प्रशिक्षण पचमढीत होतं, याची दखल आपण फारशी घेत नाही, घ्यायला हवी. २०२२ साली या सोहळ्यात ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजलं. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. लताबाईंच्या आवाजाशिवाय, नुसत्या वाद्यांवर ऐकतानाही घसा दाटून आला. हा अंक त्या वादकांसाठी.