न्यूटर कधी? कुत्र्याकडे बघून ठरवा!

घरात लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आलं, की पहिले सहा महिने नुसती रील्स. मग एक दिवस साहेब पाहुण्यांच्या पायाला मिठी मारतात, सोफ्यावर तंगडी वर करतात आणि घरात दोन पार्ट्या पडतात. आई म्हणते, ‘उद्याच ऑपरेशन करून टाका.’ बाबा म्हणतात, ‘अगं, बिचाऱ्याला एकदा तरी बाप होऊ दे!’

माझं मत विचाराल, तर दोघंही चुकतायत. एकाला सोफा दिसतोय, दुसऱ्याला स्वतःची मर्दानगी. कुत्र्याकडे कुणी बघतच नाहीये.

आधी घाईचं बोलू. टेस्टोस्टेरॉनचं काम फक्त ‘ते’ नसतं. हाडांची वाढ वेळेवर थांबायलाही हे हार्मोन लागतं. वृषणं फार लवकर काढली, तर हाडं थोडी जास्त लांबतात आणि मोठ्या जातींमध्ये खुबा, गुडघा, कोपर यांची दुखणी मागे लागू शकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास मांडला. नर गोल्डनसाठी निदान वर्षभर थांबा, जर्मन शेफर्डसाठी जवळपास दोन वर्षं, असं त्यांचं म्हणणं. चिवावासारख्या चिमुकल्या जातीत मात्र सांध्यांचा हा त्रास वाढलेला दिसला नाही. म्हणजे ‘सहा महिने झाले, उरका’ हा फॉर्म्युला सगळ्यांना लागू नाही.

आता ‘बाप होऊ दे’वाल्यांचं. वंशाच्या दिव्याची हौस आपल्याला, कुत्र्याला नाही. जवळपास एखादी कुत्री माजावर आली, की हा खाणं सोडतो, गेट उघडं दिसलं की धूम ठोकतो. मग गाडीखाली येणं, हरवणं, मारामारीत जखमी होणं, काहीही होऊ शकतं. उतारवयात प्रोस्टेट वाढणं, वृषणाचा कॅन्सर हे वेगळंच. आणि होणाऱ्या पिल्लांचं काय? ‘आम्हाला एक ठेव हं’ म्हणणारे दहा, प्रत्यक्ष न्यायला येणारे दोन!

आणखी एक. ऑपरेशन म्हणजे ट्रेनिंग नव्हे. भटकणं, जागोजागी मुतणं बऱ्याचदा कमी होतं. पण घाबरून अंगावर येणारा कुत्रा त्याने शांत होईलच असं नाही, उलट कधीकधी जास्त बिथरतो.

म्हणून पिल्लाच्या लसीकरणाच्या वेळीच व्हेटला तीन गोष्टी विचारा. मोठेपणी याचं वजन किती होईल? हाडांची वाढ साधारण कधी पूर्ण होईल? दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत ना? एखादं पोटातच अडकलं असेल, तर ते काढावंच लागतं, कारण तिथे कॅन्सरचा धोका जास्त. उत्तरं मिळाली, की तारीख ठरवून मोबाइलमध्ये टाका. तोवर पट्टा घट्ट धरणं आणि फरशी पुसणं आपलं काम.

थांबायचं असेल तर जरूर थांबा. फक्त थांबणं म्हणजे टाळणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा.