डिक्कीतला खोका आणि आतला कान

गणेशोत्सव आला की मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींवर वाद रंगतो आणि विसर्जनानंतर तो पुढच्या भाद्रपदापर्यंत मिटतो. त्या भिंतीची एक छोटी आवृत्ती मात्र वर्षभर रस्त्यावर फिरत असते. ती म्हणजे मोटारीच्या डिक्कीतला सबवूफर. पंचविशीतला तरुण जुनी हॅचबॅक घेतो, बारा इंची सबवूफर आणि ॲम्प्लिफायर आणतो आणि पैसे वाचवण्यासाठी खोका घरीच किंवा ओळखीच्या सुताराकडून करून घेतो. या हौसेला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. सीलबंद खोका नीट बांधला, तर तो कमी आवाजात समाधान देऊ शकतो. अडचण आहे ती खोका बांधून झाल्यावर आवाजाची कळ कुठवर फिरवली जाते, याची.

स्पीकरचा कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खर्ज नाहीसा होतो. मागची लाट कोंडून ठेवायची म्हणून खोका लागतो. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले आणि कपाटाएवढ्या खोक्यातून येणारा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावू लागला. अशा खोक्यातला आवाज एका मर्यादेखाली दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरतो. घरात ही उणीव जाणवते, मोटारीत फारशी जाणवत नाही. ४० हर्ट्झची ध्वनिलहर साधारण साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे मोटारीहूनही मोठी. त्यामुळे केबिनमधली सगळी हवा एकदमच दाबली आणि सोडली जाते आणि खाली जावे तसा खर्ज वाढत जातो. एका खोक्याची उतरण दुसरा खोका भरून काढतो. फरक एवढाच, की या दुसऱ्या खोक्यात माणसे बसलेली असतात.

आता कानाकडे वळू. माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत बराच बधिर आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते, की आवाज हळू असेल तर खर्ज इतर स्वरांपेक्षा फार लवकर हरवतो. म्हणून गाणे ‘भरल्यासारखे’ वाटावे यासाठी माणूस मुख्य कळ फिरवत राहतो. खर्जाबरोबर गायकाचा गळा, झांजा, व्हायोलिन हे सगळेच वाढते. आणि आतल्या कानाला जास्त इजा होते ती याच वरच्या पट्टीतून. आवाजाने आलेल्या बहिरेपणाचा पहिला खड्डा ऑडिओग्रामवर बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसतो, ४० हर्ट्झपाशी नाही.

प्रत्येक कानात अशा केसपेशी साधारण पंधरा हजार असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरला जाणारा एक हिशेब असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. पुण्याच्या संध्याकाळच्या वाहतुकीत पंधरा मिनिटांत किती चौक ओलांडले जातात, हे पुणेकरांना सांगायला नको.

‘ॲपवर मोजलं, पंच्याहत्तरच आहे’ हे उत्तर हमखास ऐकू येते. हा आकडा फसवा आहे. असे मापन बहुधा ‘ए’ भारांकाने होते आणि त्यात ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा केले जातात. केबिनमध्ये ११० डेसिबलचा खर्ज घुमत असला तरी पडदा ७५ दाखवू शकतो, कारण भारांक कानाच्या बधिरपणाची नक्कल करतो. मोबाइलचा माइक अतिखर्जासाठी बनवलेला नसतो, ती गोष्ट वेगळीच.

यातून वाट एकच, आणि ती खोक्याच्या कारागिरीतून जाते. बारा इंची स्पीकरला कंपनीने साधारण ३० लिटर सांगितले असेल, तर ते आतले माप असते. १८ मिलिमीटर एमडीएफचा १६ × १४ × १२ इंचांचा खोका बाहेरून ४४ लिटर भरतो, आतून जेमतेम ३२. त्यातून स्पीकरच्या मागच्या भागाची जागा वजा करायची. खोका फार लहान झाला तर खर्ज फुगीर आणि एकसुरी होतो. सांधे गळके राहिले तर हवेची स्प्रिंग ढिली पडते, फुसफुस येते आणि हौशी माणूस ती उणीव गेन वाढवून भरतो. ॲम्प्लिफायर ताकदीबाहेर गेला की लहरीचे माथे छाटले जातात आणि त्यातून नको असलेले वरचे स्वर जन्मतात. गोंद, स्क्रू, मग आतून सिलिकॉन, आणि ते पूर्ण वाळेपर्यंत एक दिवस धीर, हा खर्च त्यापुढे काहीच नाही. कोन हलक्या हाताने दाबून सोडावा. तो सावकाश जागेवर आला तर खोका बंद आहे, चटकन आला तर हवा कुठून तरी निसटते आहे.

एमडीएफ कापताना उडणारी पिठासारखी धूळ वेगळीच आहे. तिच्यात लाकूड आहे आणि फॉर्मल्डिहाइड सोडणारी राळही. या दोन्हींची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केली आहे. एका दुपारच्या कामाने हौशी माणसाला कर्करोग होईल असे नाही. रोज बंद गाळ्यात तेच कापणाऱ्या सुताराचे गणित निराळे आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क घालावा आणि काम उघड्यावर करावे.

एक कुतूहलाची नोंदही आहे. २००४ मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात चार रुग्णांची हकीकत आली. मोठ्या संगीताच्या सान्निध्यात त्यांच्या फुप्फुसाभोवती हवा साचून फुप्फुस आकसले होते. त्यांतला एक जण १,००० वॅटचा बास लावलेली मोटार चालवत होता. चार रुग्णांवरून कार्यकारण सिद्ध होत नाही आणि त्यामुळे कोणी घाबरू नये. पण गाणे चालू असताना छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन धाप लागली, तर गॅस समजून सोडा पिण्याऐवजी तातडीच्या विभागात जावे.

त्यापेक्षा कितीतरी ठोस धोका खोक्याच्या वजनात आहे. स्पीकरसह पंधरा-वीस किलोची ही पेटी हॅचबॅकमध्ये मागच्या सीटच्या पाठीला नुसती टेकवून ठेवलेली असते. करकचून ब्रेक लागला की ती पुढे येते आणि पुढे बहुधा मुले बसलेली असतात. ती पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जखडलीच पाहिजे.

जुळवणी करताना दुकानात पूर्ण आवाजावर गाणे लावून गेन ठरवण्याची पद्धत बदलायला हवी. सबवूफर आधी बंद ठेवावा. काचा वर करून, शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल इतकीच मुख्य कळ ठेवावी. मग सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचे स्वर देऊन त्याचा गेन हळूहळू वाढवावा आणि ढोलकी ढोलकीसारखी वाटली की थांबावे. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा त्या आवाजात ऐकू येतो. प्रवासानंतर कानात गुंई राहत असेल, तर गेन अजून खाली आणावा. दुसऱ्या दिवशीही ती तशीच असेल, तर कान-नाक-घसा विभागात ऑडिओग्राम काढून घ्यावा. तपासणी बिनवेदनेची असते आणि अर्ध्या तासाच्या आत आटोपते.