पर्यावरणशास्त्र शिकून मिळते काय?

बी.एस्सी.ला मी पर्यावरणशास्त्र घेतले तेव्हा मामूंनी एकच विचारले, "यात नोकरी कुठली मिळते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. कॉलेज तालुक्याच्या गावातले. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबले आणि एक कपाट. तरी हा विषय मला तिथेच कळला, तो कॉलेजमागच्या नाल्यामुळे.

हा नाला बाजारपेठेतून येतो, आमच्या मोहल्ल्यातून जातो आणि पुढे नदीला मिळतो. "त्या मोहल्ल्याने नाला घाण केला," हे गावातले ठरलेले बोलणे. लहानपणापासून ऐकल्यामुळे मलाही ते खरे वाटायचे.

तिसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला लावला. विंकलरच्या पद्धतीला महागडे यंत्र लागत नाही. बाटलीतल्या पाण्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घातले की ऑक्सिजन असल्यास तपकिरी साका बसतो, नसल्यास पांढरा. आम्ही मोहल्ल्याच्या वरचे आणि खालचे, दोन्हीकडचे पाणी आणले. वरच्या पाण्याचा साका पांढराच होता. नाला आमच्याकडे येण्याआधीच मेलेला होता! खालचा साकाही पांढरा, आणि काठावर अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मात्र आमच्याच घरांतल्या. एका दिवसाचे नमुने म्हणजे पूर्ण अभ्यास नव्हे, हे सरांनी बजावले. पण ऐकीव बोलणे आणि मोजलेली गोष्ट यांतला फरक मला त्या दिवशी समजला.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. पुढे युजीसीने सर्व शाखांच्या पदवीसाठी अभ्यासक्रम आखला. त्यात 100 पैकी 25 गुण प्रत्यक्ष पाहणीचे ठेवले. जवळची नदी, टेकडी, एखादी प्रदूषित जागा पाहून नोंदी करायच्या, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काय होते, ते विद्यार्थ्यांना विचारा. झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणायचा, वरचे नाव बदलायचे आणि जमा करायचा. ज्या लहान कॉलेजच्या दारातच नदी, ओढा, कचऱ्याचा ढीग आहे, तिथेही हेच चालते, याचे मला वाईट वाटते.

आपल्या समाजाला तर हा विषय परका असायला नको. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूला पाणी उधळू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. प्रेषित (स.) एक मुद, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये येते. एका जुम्म्याला आम्ही मशिदीतल्या नळाखाली बादली ठेवली. एका माणसाच्या वुजूला पाच लिटरहून जास्त पाणी भरले. बयानात ही गोष्ट अनेकदा ऐकली होती. बादली पाहिल्यावर विश्वस्तांनी त्याच आठवड्यात नळ बदलले.

मामू, नोकऱ्या आहेत. कारखान्यांत, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत, प्रदूषण नियंत्रण मंडळात, पण थोड्या. तुमच्या प्रश्नाचे ते अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे, की आपल्यावर कुणी बोट दाखवले तर चिडण्याआधी मोजून पाहायला मी शिकलो. आणि मोजल्यावर दोष आपला निघाला, तर तो कबूल करायलाही.