सहा आठवड्यांचे सर-मॅडम

सुट्टी जवळ आली की हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर पोस्टर लागतं : परदेशात जा, शाळेत इंग्रजी शिकवा, आपली संस्कृती सांगा! फी भरायची, तिकीट आपलंच. मुलाखतीत विचारतात, इंग्रजी येतं ना? मी कॉन्व्हेंटची, फाडफाड बोलते. पण 'प्रेझेंट परफेक्ट' कधी वापरायचा हे सातवीतल्या पोराला समजावायचं म्हटलं तर बोबडी वळेल. बोलणं वेगळं, शिकवणं वेगळं.

जपानचंच बघा ना. तिथे १९८७ पासून 'जेट' योजना आहे. परदेशी पदवीधर वर्षाच्या करारावर, पगारी येतात आणि वर्गात जपानी शिक्षकाच्या जोडीला उभे राहतात, त्यांच्या जागी नाही. वर्षभरात मुलांची नावं पाठ होतात, कोण लाजतं तेही कळतं. आपण मात्र सहा आठवड्यांत मेंदी, लेझीम, पावभाजी उरकतो, फोटो काढतो (बायोडाटात एक ओळ वाढते, हेही खरंच), आणि पुढच्या बॅचचे सर पुन्हा 'ए फॉर ॲपल'पासून सुरू!

जाऊच नका असं नाही म्हणत मी. पण आधी तिथल्या शिक्षकांना विचारा तरी, कुठे अडलंय? यंदा फॉर्म भरण्याआधी मी तेवढं विचारणार आहे. 'काही नको' असं उत्तर आलं, तर तिकिटाचे पैसे आईला परत.