दोष शोधा, पण माणसांना फसवून नको

संगणक सुरक्षेवर संशोधन करणाऱ्याचे काम दोष शोधण्याचे असते. कुलूप कुठे कच्चे आहे हे त्याने चोराच्या आधी ओळखायचे आणि घरमालकाला सांगायचे. हे काम लोकहिताचे आहे. पण दोष शोधताना कोणाला फसवले, कोणाला धोक्यात घातले आणि शोध केव्हा जाहीर केला, हे प्रश्न बराच काळ दुय्यम मानले गेले. आता चित्र बदलते आहे. ‘युझेनिक्स सिक्युरिटी’ या जगातल्या आघाडीच्या परिषदेने २०२५ पासून प्रत्येक शोधनिबंधात नैतिक विचारांचे स्वतंत्र प्रकरण बंधनकारक केले आहे. ही वेळ का आली, हे आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही समजून घ्यायला हवे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे प्रकरण यात सर्वांत बोलके आहे. लिनक्स ही सर्वांसाठी खुली असलेली संगणक प्रणाली आहे. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन तिच्याच गाभ्यावर चालतो. जगभरातले लोक तिच्यात दुरुस्त्या सुचवतात आणि अनुभवी मंडळी त्या तपासून स्वीकारतात. ऑगस्ट २०२० मध्ये या विद्यापीठातील संशोधकांनी खोट्या नावांनी काही दुरुस्त्या पाठवल्या. वरून त्या उपयुक्त दिसत होत्या, पण त्यांतून प्रणालीत दोष शिरावा असा बेत होता. तपासणाऱ्यांच्या नजरेतून असा दोष निसटतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यावरचा निबंध एका प्रतिष्ठित परिषदेने स्वीकारलाही.

एप्रिल २०२१ मध्ये वाद पेटला. त्याच विद्यापीठातून पुन्हा संशयास्पद दुरुस्त्या येऊ लागल्यावर लिनक्सचे ज्येष्ठ देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी संपूर्ण विद्यापीठाचे योगदान थांबवले. संशोधकांनी माफी मागितली आणि निबंध मागे घेतला. लिनक्सच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने त्या विद्यापीठातून आलेल्या ४३५ दुरुस्त्या पुन्हा तपासून घेतल्या. बहुतेक ठीक निघाल्या. खोट्या नावांनी आलेल्यांपैकी ज्या सदोष होत्या, त्या आधीच पकडल्या गेल्या होत्या किंवा बाजूला पडल्या होत्या. म्हणजे प्रणालीचे मोठे नुकसान झाले नाही. पण अनेकांचे कष्टाचे तास वाया गेले, आणि ज्यांचा या प्रयोगाशी संबंधही नव्हता अशा विद्यार्थ्यांच्या प्रामाणिक कामावरही संशयाची सावली पडली.

खरा मुद्दा पुढे आहे. संशोधनाच्या नैतिकतेवर देखरेख ठेवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने हे ‘माणसांवरचे संशोधन नाही’ असे ठरवले होते. कागदावर प्रयोग संगणकाच्या प्रक्रियेवर होता. प्रत्यक्षात तो दुरुस्त्या तपासणाऱ्या माणसांवर होता, आणि त्यांना विचारलेच नव्हते. समितीने माणूस पाहिला नाही, परिषदेच्या परीक्षकांनीही पाहिला नाही. सगळ्यांना दिसला तो फक्त निबंध.

माणसाला माणूस म्हणून न पाहता अभ्यासाचे साधन मानणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. संशोधनाच्या जगाने हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकला आहे, आणि ती किंमत कृष्णवर्णीयांनी मोजली आहे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून अलाबामातील टस्कीगी येथे सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. रोग शरीरात कसा वाढतो, हे खात्याला पाहायचे होते. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघड करेपर्यंत अभ्यास चालू होता. तो लपूनछपून चालला होता असेही नाही. त्यावरचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. संपादकांनी ते छापले, डॉक्टरांनी ते वाचले.

त्या संतापातून १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल आला. माणसाचा आदर, त्याचे हित आणि न्याय ही तीन तत्त्वे त्याने मांडली. २०१२ च्या मेनलो अहवालाने हीच तत्त्वे संगणक संशोधनाला लावली आणि कायदा व लोकहिताचा आदर हे चौथे तत्त्व जोडले. टस्कीगीची क्रूरता आणि मिनेसोटाची फसवणूक एका तराजूत तोलता येणार नाही. पण ‘आम्ही ज्ञानासाठी करतो आहोत, मग विचारायचे कशाला?’ ही वृत्ती दोन्हीकडे दिसते.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी बोलण्याची कसोटी सांगितली आहे. जे सत्य आहे आणि हितकारक आहे तेच बोलावे, आणि तेही योग्य वेळ पाहून. ऐकणाऱ्याला ते अप्रिय वाटले तरी चालेल. लहान मुलाच्या घशात खडा अडकला, तर रक्त आले तरी तो काढावा लागतो, कारण मुलाविषयी करुणा असते. शोधनिबंधालाही हीच कसोटी लावता येते. दोष खरा आहे का? तो सांगण्याने कोणाचे हित होते? दुरुस्तीला वेळ दिला आहे का? गूगलचा ‘प्रोजेक्ट झीरो’ हा गट दोष सापडल्यावर कंपनीला साधारण ९० दिवस देतो आणि मग तो जाहीर करतो. मुदत देण्यात करुणा आहे, आणि मुदतीनंतर गप्प न बसण्यात सत्यनिष्ठा.

ही दुसरी बाजू भारतात विशेष महत्त्वाची आहे. २०१० मध्ये हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांनी परदेशी संशोधकांसोबत भारतीय मतदान यंत्रातील कच्चे दुवे दाखवले. यंत्र कोणी दिले हे त्यांनी सांगितले नाही. त्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी यंत्राच्या चोरीच्या प्रकरणात त्यांना अटक केली, नंतर जामीन मिळाला. यंत्र कसे मिळवले हा प्रश्न विचारायलाच हवा. पण दोष दाखवणाऱ्यावरच सगळे लक्ष गेले, तर दोषाकडे कोण पाहणार? पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी मताची कागदी पावती आवश्यक असल्याचे म्हटले.

हा प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. महाडीबीटीसारख्या पोर्टलवर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले, आधार आणि बँक खात्यांचे तपशील असतात. उद्या अशा एखाद्या पोर्टलमध्ये कोणाला दोष सापडला आणि त्याने पुरावा म्हणून मुलांचे दाखलेच निबंधात छापले, तर? जात उघड झाल्याचा त्रास संशोधकाला होणार नाही, वसतिगृहातल्या मुलाला होईल. आणि भीतीपोटी त्याने तोंडच उघडले नाही, तर ती माहिती चोराच्या हाती जाईल.

म्हणून मागणी दोन्ही बाजूंनी हवी. आपल्या विद्यापीठांनी संगणक विभागातल्या संशोधनालाही नैतिक समितीची खरीखुरी तपासणी लावावी, आणि त्या समितीत ज्यांची माहिती धोक्यात येते त्या समाजघटकांचे लोक असावेत. आज माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे बेकायदा आहे. प्रामाणिक हेतूने दोष शोधून ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवणाऱ्याला कायद्याने स्पष्ट संरक्षण द्यावे. आणि या क्षेत्रात उतरणाऱ्या आपल्या मुलामुलींनी निबंध पाठवण्याआधी एक गोष्ट तपासावी: ज्यांच्यावर हा प्रयोग झाला, त्यांच्यासमोर बसून तो वाचून दाखवण्याची आपली तयारी आहे का?